देबला मित्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अजिंठ्याला गट घेऊन जाते तेव्हा माझ्या पिशवीत एक पातळ, कोपरे दुमडलेली मार्गदर्शिका असते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेली. सोळाव्या लेण्यापर्यंत पोचेस्तोवर कुणीतरी मुखपृष्ठावरचं नाव वाचून विचारतंच, "या देबला मित्र कोण हो?" घरी परतल्यावरही व्हॉट्सॲपवर प्रश्न येत राहतात, आणि बहुतेक तेच ते. म्हणून ते इथे एकत्र केलेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल, आणि जिथे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली असती तिथे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे.

१. देबला मित्र कोण होत्या? अगदी थोडक्यात सांगा.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या, म्हणजे आपण ज्याला 'पुरातत्त्व खातं' म्हणतो त्याच्या, पहिल्या महिला महासंचालक. कार्यकाळ १९८१ ते १९८३. जन्म १९२५ चा, आज बांगलादेशात असलेल्या खुलना इथला. निधन २००३ मध्ये. ओडिशातल्या रत्नगिरीचं बौद्ध महाविहार त्यांनी उत्खननातून उजेडात आणलं. नेपाळच्या तराईत तिलौराकोटला त्यांनी खोदकाम केलं, पाण्याखाली गेलेल्या तेलकुपीच्या देवळांची नोंद केली, आणि अजिंठा, सांची, भुवनेश्वर, कोणार्क इथे जाणाऱ्या सामान्य माणसासाठी मार्गदर्शिका लिहिल्या.

त्या महासंचालक झाल्या ही गोष्ट सगळे आधी सांगतात. माझ्या लेखी ती तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाची. त्यांचं मोठेपण नोंदींमध्ये आहे. जे पाहिलं ते मोजायचं, लिहायचं आणि छापून लोकांच्या हाती द्यायचं, हे काम त्यांनी नोकरीभर केलं.

२. नाव 'देबला' की 'देवला'? 'मित्र' की 'मित्रा'?

बंगालीत 'व' आणि 'ब' एकाच अक्षराने लिहितात आणि उच्चार 'ब' होतो. म्हणून मूळ संस्कृत वळणाचा 'देवला' तिथे 'देबला' ऐकू येतो. आडनाव बंगालीत 'मित्र' असंच लिहितात. 'मित्रा' हे रोमन लिपीतून परत आलेलं रूप. मी 'देबला मित्र' लिहिते. ग्रंथालयाच्या यादीत शोधताना मात्र सगळी रूपं घालून पाहा.

३. त्यांनी रत्नागिरीत उत्खनन केलं असं वाचलं. म्हणजे आपल्या कोकणातल्या रत्नागिरीत?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि चूक होणं साहजिक आहे. त्यांची रत्नगिरी ओडिशात, जाजपूर जिल्ह्यात आहे. ब्राह्मणी आणि बिरूपा नद्यांच्या खोऱ्यातली ती एक बुटकी टेकडी. जवळच ललितगिरी आणि उदयगिरी ही आणखी दोन बौद्ध स्थळं आहेत.

गंमत अशी की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातही वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाच्या खुणा आहेत. दापोली तालुक्यात कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत, आणि तिथे महाचंडरोषण या तांत्रिक बौद्ध देवतेची मूर्ती सापडली. त्या लेण्यांवरचा अहवाल लिहिला म. न. देशपांडे यांनी. तेही पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते, १९७२ ते १९७८ या काळात. दोन्ही अहवाल खात्याच्या एकाच 'मेमॉयर' (सविस्तर अभ्यासग्रंथांच्या) मालिकेत निघाले: ओडिशाची रत्नगिरी ८० व्या क्रमांकावर, पन्हाळेकाजी ८४ व्या. ग्रंथालयाच्या फडताळात ते जवळजवळ शेजारी उभे असतात, त्यामुळे गोंधळात आणखी भर पडते.

४. मग त्या रत्नगिरीत नेमकं काय सापडलं?

१९५८ ते १९६१ या काळात तिथे खोदकाम झालं. त्याआधीही टेकडीवरची शिल्पं लोकांना ठाऊक होती. अर्धी मातीत, अर्धी बाहेर अशा मूर्ती दिसत, अभ्यासक येऊन पाहून जात. पण त्याखाली केवढं नांदतं गाव दडलं आहे ते कुणाला उमगलं नव्हतं.

माती हटली तेव्हा एक मोठा स्तूप निघाला. त्याच्या भोवती दगडी छोटे स्तूप, शेकड्यांनी. काही हातात मावतील एवढे, काही माणसाच्या कमरेपर्यंत येणारे. भक्तांनी नवसाचे किंवा पुण्यप्राप्तीसाठी वाहिलेले हे स्तूप इतके दाटीने उभे आहेत की मधून चालताना अंग चोरावं लागतं. पुढे विटांचे दोन चौकोनी विहार. पहिल्या विहारात मध्ये फरसबंद अंगण, त्याला वेढणारी ओवरी, भोवती २४ खोल्या आणि दारासमोरच्या टोकाला गाभारा. गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतला, म्हणजे उजव्या हाताने जमिनीला स्पर्श करणारा भव्य बुद्ध बसलेला, दोन बाजूंना पद्मपाणी आणि वज्रपाणी हे बोधिसत्त्व.

मला तिथलं दार सर्वांत आवडतं. विहार विटांचा, पण दाराची चौकट हिरवट झाक असलेल्या क्लोराइट दगडाची. या दगडाला हात लावला तर तो साबणासारखा गुळगुळीत लागतो. त्यावर वेलबुट्टीचे एकात एक पट्टे कोरले आहेत, आणि सकाळचं ऊन तिरपं आलं की प्रत्येक पानाची कड वेगळी उठते. विटांच्या साध्या भिंतीत हे दार कुणीतरी दागिन्यासारखं बसवलं आहे. याशिवाय बुद्धाची मोठमोठी दगडी मस्तकं दोन डझनांहून जास्त निघाली. तारा, लोकेश्वर, मंजुश्री, हेरुक अशा मूर्तीही मिळाल्या. साधारण पाचव्या ते तेराव्या शतकापर्यंत ही वस्ती नांदती होती आणि इथे वज्रयान भरभराटीला आलं होतं, हे या सगळ्यावरून दिसतं.

५. हे ठिकाण 'रत्नगिरी'च होतं, हे कशावरून ठरलं? टेकडीचं नाव नंतरही पडलेलं असू शकतं ना?

शंका रास्त आहे. जुन्या स्थळांची आजची नावं पुष्कळदा फसवतात. इथे निकाल लावला तो मातीच्या मुद्रांनी. ओल्या मातीच्या गोळ्यावर शिक्का उठवून वाळवलेल्या या मुद्रा बोटाच्या चिमटीत धरता येतील एवढ्या. वर धर्मचक्र, त्याच्या दोन बाजूंना हरणं आणि खाली लेख: 'श्रीरत्नगिरिमहाविहारीय आर्यभिक्षुसंघस्य'. अर्थ असा, की ही श्रीरत्नगिरी महाविहारातल्या आर्य भिक्षुसंघाची मुद्रा. आजच्या भाषेत विहाराच्या कचेरीचा शिक्का. हजार वर्षांहून जुनं नाव गावाने जसंच्या तसं जपलं, हे या लेखामुळे नि:शंक कळलं.

६. उत्खनन १९६१ मध्ये संपलं आणि अहवाल १९८१ मध्ये आला. वीस वर्षं? हा हलगर्जीपणा नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा सूर थोडा रागावलेला असतो, आणि तो राग मला योग्य वाटतो. फक्त तो कुणावर काढायचा ते नीट पाहू या.

खोदकाम एकदाच होतं. वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही, आणि काढलेला थर परत लावता येत नाही. कोणतं खापर कोणत्या थरात होतं, मूर्ती कुठल्या तोंडाने पडली होती, विटांचं माप काय होतं, हे सगळं खोदणाऱ्याच्या वहीत, नकाशात आणि फोटोंत राहतं. अहवाल छापून आला नाही तर ती जागा उकरून नष्ट केल्यासारखंच. आपल्या देशात अशी कित्येक उत्खननं आहेत, ज्यांचा अंतिम अहवाल कधीच आला नाही. अधिकारी बदलून गेले, निवृत्त झाले, वह्या कपाटात राहिल्या.

रत्नगिरीचा अहवाल आला, दोन जाडजूड खंडांत: पहिला १९८१ चा, दुसरा १९८३ चा. ही वर्षं परत वाचा. त्या महासंचालक होत्या तीच ही वर्षं. देशभरच्या स्मारकांचा कारभार अंगावर असताना तरुणपणी केलेल्या उत्खननाचं देणं त्यांनी फेडलं. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. आणि तो अहवाल मूर्तीन् मूर्ती, स्तूपान् स्तूप नोंदवतो. छोट्या स्तूपांतही कोनाड्यात कोणती देवता आहे, हातात काय आहे, आसन कसं आहे, हे सांगून पुढे जातो. वाचायला कंटाळवाणा आहे, मान्य. पण आज ओडिशाच्या बौद्ध कलेवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो उघडावा लागतो.

७. तेलकुपीचं काय प्रकरण आहे? बुडालेल्या देवळांवर पुस्तक लिहिलं म्हणजे नक्की कसं?

तेलकुपी पश्चिम बंगालमध्ये, पुरुलिया जिल्ह्यात, दामोदर नदीच्या काठी. रामपाल या पाल राजाला साथ देणाऱ्या सामंतांत 'तैलकंप'च्या रुद्रशिखराचं नाव संध्याकर नंदीच्या 'रामचरित' काव्याच्या संदर्भात येतं. तेच हे गाव. नदीकाठी दगडी देवळांचा मोठा समूह होता. एकोणिसाव्या शतकात जे. डी. बेग्लर या सर्वेक्षकाने तो पाहून देवळांची क्रमवार वर्णनं लिहून ठेवली होती.

स्वातंत्र्यानंतर दामोदर खोरे प्रकल्पात पंचेतचं धरण झालं आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाणी चढू लागलं. देवळं हलवण्याचा, निदान सगळी मोजून घेण्याचा वेळ निघून गेला होता. देबलाबाई तिथे पोचल्या तेव्हा बरीच देवळं पाण्यात गेलेली होती. मग त्यांनी उरलेली देवळं तपासली आणि बेग्लरची वर्णनं व जुने फोटो यांच्याशी ताडून पाहिली. जे देऊळ आता पाहता येत नाही त्याचं विधान काय, शिखर कसं, दारावर काय कोरलं होतं, हे सगळं जुळवून बसवलं. १९६९ मध्ये ते पुस्तक झालं, खात्याच्याच 'मेमॉयर' मालिकेत.

धरणाने लोकांना वीज आणि पाणी दिलं हे खरं. पण त्या पुस्तकाची पानं उलटताना पोटात तुटतं. जलाशयाचं पाणी ओसरलं की आजही उरल्यासुरल्या देवळाचा भाग वर दिसतो. बाकी तेलकुपी त्या पुस्तकात आहे. कोयनेच्या किंवा उजनीच्या धरणाखाली ज्यांचं गाव गेलं, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

८. महाराष्ट्राशी त्यांचा थेट संबंध काय?

अजिंठा. १९५६ मध्ये पुरातत्त्व खात्याने त्यांची अजिंठ्याची मार्गदर्शिका काढली आणि नंतर तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या. पर्यटकाच्या खिशाला परवडावी अशी किंमत, हातात धरून लेण्यात उभं राहून वाचता येईल असा आकार. कित्येक वर्षं लेण्यांच्या दाराशी ती मिळायची.

तिचा उपयोग कसा होतो ते एका चित्रावरून सांगते. सोळाव्या लेण्यात डाव्या भिंतीवर मान कलंडलेली एक स्त्री आहे, तिला सावरणाऱ्या दासी आहेत. 'मरणोन्मुख राजकन्या' या नावाने ती जगभर प्रसिद्ध आहे, आणि बरेच वाटाडे तेवढंच सांगून पुढे सरकतात. मार्गदर्शिका हे चित्र नंदाच्या कथेत ठेवते. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ. नव्या लग्नाची बायको सुंदरी घरी असताना त्याला भिक्षू व्हावं लागलं. त्याचा मुकुट परत आलेला पाहून सुंदरी कोसळते, तो हा क्षण. इतकं कळलं की त्याच भिंतीवरची बाकीची चित्रं आपोआप बोलू लागतात. मी गटाला आधी नुसतं चित्र दाखवते आणि मग गोष्ट सांगते. दोन वेळच्या चेहऱ्यांत फरक पडतो.

९. १९५६ ची मार्गदर्शिका आज वापरावी का? अजिंठ्याच्या काळाबद्दल आता वेगळं मत आहे ना?

वर्णनासाठी जरूर वापरा, कालनिर्णयासाठी सोबत नवं वाचा. अजिंठ्याचे दोन टप्पे ही चौकट अजून कायम आहे. ९ आणि १० ही चैत्यगृहं (आत स्तूप असलेली प्रार्थनागृहं) आणि काही विहार हा इसवी सनाच्या सुरुवातीच्या आगेमागेचा पहिला टप्पा, आणि नंतर वाकाटक काळातला दुसरा. वाद आहे तो दुसऱ्या टप्प्याच्या लांबीबद्दल. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी पुढे अशी मांडणी केली की हा सगळा दुसरा टप्पा वाकाटक राजा हरिषेण आणि त्याच्या लगोलगच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या जेमतेम दोन दशकांत उरकला. सगळ्यांनी ती मान्य केलेली नाही, पण तिला वगळून आता अजिंठ्यावर बोलता येत नाही. देबलाबाईंची मार्गदर्शिका त्या मांडणीच्या आधीची आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

१०. त्या पुरातत्त्वज्ञ होत्या की कला-इतिहासकार?

दोन्ही, आणि त्यांच्या बाबतीत ही वाटणी करायला गेलं की अडचण होते. रत्नगिरीत ज्या हातांनी थर मोजले त्याच हातांनी मूर्तींच्या मुद्रा आणि आयुधं नोंदवली. ओडिशात बाणपूरजवळ अच्युतराजपूरला धातूमूर्तींचा मोठा साठा सापडला होता. त्यात बौद्ध, जैन, ब्राह्मणी अशा सगळ्या धर्मांच्या मूर्ती एकत्र होत्या. त्यावर त्यांनी १९७८ मध्ये पुस्तक लिहिलं. चितगाव भागातल्या बौद्ध धातूमूर्तींवरचं पुस्तक १९८२ चं. ही पुस्तकं शुद्ध मूर्तिशास्त्राची, म्हणजे मूर्ती कोणाची आणि ती कशी ओळखायची याची आहेत. तरी लिहिणारी व्यक्ती खोदकाम केलेली आहे हे जाणवतं, कारण मूर्ती कुठे, कशी, कशासोबत मिळाली हा प्रश्न त्या सोडत नाहीत.

११. पहिल्या महिला महासंचालक म्हणजे भारतातल्या पहिल्या महिला पुरातत्त्वज्ञ का?

तसं लिहू नका, ते चूक ठरेल. १९४० च्या दशकात इरावती कर्वे गुजरातमधल्या लांघणजला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांबरोबर उत्खननात होत्या. त्यांचा मूळ विषय मानववंशशास्त्र, पण खोदकामाच्या जागी त्या होत्या. कला-इतिहासात स्टेला क्रामरिश १९२० च्या दशकापासून कलकत्ता विद्यापीठात शिकवत होत्या. देबलाबाईंचं पहिलेपण पदाचं आहे: १८६१ मध्ये सुरू झालेल्या सर्वेक्षणाच्या प्रमुखपदी एक स्त्री बसायला १२० वर्षं लागली.

अजून एक बारकावा. त्यांच्यानंतर अचला मौलिक, कस्तुरी गुप्ता मेनन, उषा शर्मा अशा स्त्रिया महासंचालक झाल्या, पण त्या प्रशासकीय सेवेतून आल्या. देबलाबाई त्याच खात्यात, पूर्व मंडळात काम करत, खड्ड्यात उतरून वर चढलेल्या.

१२. 'उदयगिरी'वरचं त्यांचं पुस्तक म्हणजे रत्नगिरीच्या शेजारची बौद्ध उदयगिरी का?

नाही. १९६० ची ती मार्गदर्शिका भुवनेश्वरजवळच्या उदयगिरी-खंडगिरी या जैन लेण्यांची आहे. कलिंगच्या खारवेल राजाचा हाथीगुंफा शिलालेख तिथेच. तिसरी उदयगिरी मध्य प्रदेशात विदिशेजवळ, गुप्तकालीन वराहाची. पुस्तक मागवण्याआधी राज्य आणि जिल्हा पाहा.

१३. कपिलवस्तूबद्दलचं त्यांचं मत पुढे चुकीचं ठरलं, हे खरं का?

अर्धं खरं. बुद्धाचं बालपण गेलं ते कपिलवस्तू नेपाळमधलं तिलौराकोट की भारतातलं पिप्रहवा, हा वाद शंभरावर वर्षं जुना आहे. १९६२ मध्ये देबलाबाईंनी तिलौराकोट आणि जवळच्या कोदान इथे उत्खनन केलं. त्यांना जे थर मिळाले ते बुद्धकाळाइतके जुने वाटले नाहीत, आणि तसं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पुढे १९७० च्या दशकात पिप्रहवाला के. एम. श्रीवास्तव यांना 'कपिलवस्तु'चा उल्लेख असलेल्या मुद्रा मिळाल्या, तेव्हा पारडं भारताकडे झुकलं. गेल्या काही वर्षांत ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ रॉबिन कनिंगहॅम आणि नेपाळी पुरातत्त्वज्ञांनी तिलौराकोटला नव्या पद्धतींनी काम केलं आणि तिथली वस्ती देबलाबाईंच्या अंदाजापेक्षा बरीच आधी सुरू झाल्याचं दाखवलं.

म्हणजे त्यांचा काळाचा अंदाज मागे पडला. पण तो मागे पडल्याचं दाखवता आलं ते त्यांनी आपला पुरावा छापून ठेवला म्हणून. ज्याचा अहवालच नाही त्याची चूकही सापडत नाही (प्रश्न ६ पाहा). दोन्ही देशांतली मंडळी या वादात फार लवकर तापतात. मुलांना शिकवताना मी दोन्ही बाजूंचा पुरावा फळ्यावर मांडते आणि थांबते.

१४. सुरुवात कुठल्या पुस्तकाने करू?

अजिंठा पाहिलेला असेल तर त्याच मार्गदर्शिकेने. त्यानंतर १९७१ मध्ये कोलकात्याच्या साहित्य संसदेने काढलेलं 'बुद्धिस्ट मॉन्युमेंट्स'. स्तूप, चैत्य, विहार म्हणजे काय इथपासून देशभरची बौद्ध स्थळं एकेक करून येतात, आपली पश्चिम भारतातली लेणीही. भाषा इंग्रजी, पण कोरडी-स्वच्छ. नकाशे पाहत वाचलं तर कॉलेजातल्या मुलालाही जमतं. रत्नगिरीचे खंड मोठ्या ग्रंथालयात बसून चाळायचे.

१५. रत्नगिरीला जायचं आहे. काय पाहू, आणि सापडलेल्या वस्तू कुठे आहेत?

भुवनेश्वरहून गाडीने साधारण शंभर किलोमीटर. ललितगिरी आणि उदयगिरी जोडून दिवसभराची सहल होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी. रत्नगिरीला जागेवरच खात्याचं संग्रहालय आहे, आणि बऱ्याच मूर्ती तिथे आहेत. अच्युतराजपूरच्या धातूमूर्ती (प्रश्न १०) पाहायच्या तर भुवनेश्वरच्या ओडिशा राज्य संग्रहालयात जा.

डिसेंबर २०२४ मध्ये रत्नगिरीला खात्याने पुन्हा खोदकाम हाती घेतलं आणि बुद्धाचं आणखी एक प्रचंड मस्तक, तसेच आणखी छोटे स्तूप निघाले. त्यामुळे काही भागात दोऱ्या बांधलेल्या दिसू शकतात. विहाराच्या दाराशी सकाळी नऊच्या आत पोचा. ऊन डोक्यावर आलं की ती वेलबुट्टी सपाट दिसते.